पट्ट्याचा कौल

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सपाट पट्ट्यांवर एक अख्खं प्रकरण होतं. इंजिनची ताकद पट्ट्यावरून दुसऱ्या यंत्रापर्यंत कशी न्यायची, दोन्ही चाकांचे व्यास किती ठेवायचे, पट्टा चाकाला किती वेढा घालतो, ताण किती द्यायचा, घसर किती धरायची, सगळं गणितानं काढायचं. मी ते प्रकरण घोकलं, परीक्षेत त्याच्या जोरावर वर आले आणि लग्न होऊन पेडण्याला पोचले. तिथे कळलं की आमच्या सरांनी मुख्य गोष्ट शिकवलीच नव्हती. सपाट पट्ट्याचं खरं काम ताकद नेणं हे नाहीच मुळी. त्याचं खरं काम भविष्य सांगणं.

माझं माहेर साखळीचं. वडील खाणीच्या वर्कशॉपात फिटर. दुसऱ्यांचे वडील पोरींना बाहुल्या आणायचे, माझे झिजलेली बेअरिंगं आणायचे आणि म्हणायचे, बघ गो, काय मस्त फिरतं. तेव्हा मी मेकॅनिकलला गेले ह्यात माझा दोष कमीच. वर्गात मी एकटी मुलगी होते. लग्नाच्या बाजारात ह्या शिक्षणाचा उपयोग होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, पण पेडण्याचं स्थळ आलं आणि मध्यस्थ अभिमानाने म्हणाला, "तेंची भाताची गिरण आसा." म्हणजे मुलीला घरच्या घरी मशीन. जमलं.

सासर मोपाच्या सड्याखाली. आज त्या सड्यावर विमानं उतरतात, तेव्हा गुरं चरायची. घरात माणसं मोजकीच. सासरे, नवरा, धाकटी नणंद आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा पणजीला सरकारी कचेरीत होता, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. कुठलीही गोष्ट विचारली की त्याचं एकच उत्तर असे, "बघूया." सरकारनं त्याला नोकरीत घेताना हा एकच शब्द तपासून घेतला असावा.

घराला लागूनच गिरण. एका टोकाला काळं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, दुसऱ्या टोकाला भात सडायचा हलर, आणि मधून सूं सूं करत पळणारा रुंद सपाट पट्टा. हा पट्टा पडायचा. चालता चालता कडेला सरकायचा आणि फटदिशी चाकावरून उतरायचा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मी नवी नवरी म्हणून पहिले काही दिवस गप्प बसून नुसतं बघितलं, आणि बघताक्षणी कारण कळलं. हलरचं चाक झिजून सपाट झालं होतं. इंजिन ज्या लाकडी ओंडक्यांवर बसवलं होतं त्यांचे बोल्ट ढिले होते. साधं, सुरय भात आलं की इंजिनावर भार कमी, तेव्हा पट्टा हळूहळू उजवीकडे जायचा. उकडलेलं भात आलं की दाणा कडक, इंजिन ओढ खाऊन जरा तिरपं व्हायचं, आणि पट्टा डावीकडे. दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही सांगता आलं असतं.

पण गावानं त्यातून वेगळंच काढलं होतं. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्याला कौल म्हणतात. ह्यात माझं काही म्हणणं नाही, माझे वडीलही घ्यायचे. पण एकदा गिरणीत भात घेऊन आलेला एक शेजारी आपली हरवलेली गाय येईल की नाही म्हणून रडत होता, आणि तेवढ्यात पट्टा उजवीकडे पडला. संध्याकाळी गाय घरी आली. गाई संध्याकाळी घरीच येतात, पण हे सांगणार कोण? कावळा बसला आणि फांदी मोडली, झालं, दुसऱ्या दिवसापासून आमची गिरण म्हणजे देवस्थान.

मी आले तेव्हा हे प्रकरण ऐन भरात होतं. लोक भाताची पोती घेऊन यायचे आणि बरोबर प्रश्न. मुलीचं लग्न जमेल? झिलाक दुबईचो व्हिसा मेळात? सासू सुधारेल? सासरे इंजिनाला हात जोडून गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे येवन जां काय विचारल्यान हा..." आणि रांगेतली मंडळी पोत्यांवर बसल्या बसल्या एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मग सगळे पट्ट्याकडे डोळे लावून. पट्टा पडला की एकच ओरडा, "उजव्यान पडलो रे!" मग हलरात अर्धवट सडलेलं भात तसंच राहायचं, इंजिन बंद करायचं, पट्टा परत चढवायचा, पुढचा माणूस. दिवसाला निम्मंसुद्धा भात सडून होत नसे, पण गर्दी हटत नसे. देवळातले भटजी एकदा तावातावानं भांडायला आले की तुम्ही देवाची जागा घेताय. सासऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली. जाताना भटजींनी हळूच आपल्या भावाबरोबरच्या वाटणीचं विचारून घेतलं.

त्या दिवसांत गोव्यात दोनच विषय होते. राजभाषा कोंकणी की मराठी, आणि आपलं राज्य होणार कधी. आमच्या गिरणीच्या एका भिंतीवर एका बाजूच्यांनी घोषणा रंगवली होती, दुसऱ्या भिंतीवर दुसऱ्यांनी. सासऱ्यांनी दोन्ही ठेवल्या, तेवढाच चुना वाचला. दोन्ही बाजूंची माणसं पोत्यांवर बसून हमरीतुमरीवर यायची, आणि गंमत म्हणजे दोघांचीही भांडायची बोली एकच. साखळीवाले तिला मालवणी म्हणतात, मालवणवाले गोव्याची म्हणतात आणि पेडणेकर तिच्यातून एकमेकांचा उद्धार करतात. एके दिवशी दोन्ही पक्ष पट्ट्याला विचारायला आले. कोंकणी होईल? उजवा. मराठी होईल? उजवा. त्या दिवशी सगळं सुरय भात होतं, दुसरं काय होणार? दोन्ही पक्ष पेढे वाटून घरी गेले. पुढे कायदा झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या पदरात काही ना काही घालण्यात आलं. हे आमच्या पट्ट्यानं आधीच सांगितलं होतं, पण त्याचं श्रेय आजवर त्याला कुणी दिलेलं नाही.

मी एकदा जेवताना सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, हलरचं चाक बदलूया. मधोमध जरा फुगीर चाक केलं की पट्टा पडणार नाही."

त्यांनी घास तसाच ठेवला. "फुगीर? गो बाय, मधी उंच केला तर पट्टो घसरान खाली पडतलो! मधी खड्डो करूक व्हयो, म्हणजे तो आत बसतलो."

"नाही हो. पट्टा नेहमी उंच भागाकडे चढतो."

"डोंगरार धोंडो ठेवलो तर तो वर चढता काय खाली येता?"

आता काय बोलायचं? बरं, हे ऐकून कुणालाही त्यांचंच पटेल, मलाही पहिल्यांदा वर्गात पटलं नव्हतं. पण फिरणारा पट्टा म्हणजे धोंडा नव्हे. तो माणसासारखा आहे, जिकडे उंची दिसेल तिकडे सरकतो. मी हे समजावत होते तेवढ्यात नणंद भात वाढायला आली आणि सासरे तिला म्हणाले, "तुझी वयनी पट्ट्याक डोंगर चढवक शिकयता." नणंद नुसती हसली. ती कधी जास्त बोलायचीच नाही. घरात तिचा आवाज ऐकायचा मान फक्त कोंबड्यांना होता.

आणि नेमकी तिचीच गोष्ट पट्ट्यावर आली. बारावी झाल्यावर तिनं पणजीच्या नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता. अर्ज मीच आणून दिला होता, भरलाही जवळजवळ मीच. तिचं नाव लागलं. वसतिगृहात राहायचं, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. मी आनंदानं घरभर नाचले. सासरे गिरणीत निघून गेले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "बघूया." शेजारपाजारच्या बायका येऊन घरापुढच्या बलकांवात, सोप्यावरच्या बाकांवर बसल्या आणि परक्या माणसांचं अंग पुसायचं काम आपल्यातल्या चेडवांनी करू नये, असं मन लावून सांगून गेल्या. त्यांच्या आजारपणात त्यांची अंगं कोण पुसतं ते मी विचारलं नाही.

दुपारी सासरे बलकांवात एकटेच बसले होते. मी सरळ विचारलं, "बाबा, तिला पाठवायचं ना?"

"गुरुवारी कौल लावया," ते म्हणाले. "पट्टो काय सांगता तां बघया."

माझं डोकंच फिरलं. "पट्टो? पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि तुम्ही कॅनव्हासच्या तुकड्याला विचारणार?"

ते चिडले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "एकदाच मी माझ्या मनान ठरयलंय गो. हिची आवस पोटान आजारी होती. सगळे म्हणी, देवाक विचार, इस्पितळात न्हेव काय नको. मी कोणाक विचारूक नाय. जीप बोलयलंय आणि पणजेक घेवन गेलंय. ती परत इली नाय." मग म्हणाले, "हिच्या बाबतीत माझा मन नको."

मी तिथून उठले. राग तसाच होता, पण तो आता त्यांच्यावर काढता येईना, म्हणून मी तो पट्ट्यावर काढायचं ठरवलं.

कारण मला गुरुवारचं भात माहीत होतं. गुरुवारी देवळाच्या समाराधनेसाठीचं भात सडायला यायचं होतं आणि ते सगळंच्या सगळं उकडं होतं. म्हणजे पट्टा डावीकडे पडणार हे सांगायला देवाची गरज नव्हती. पोरीचं पुढचं सगळं आयुष्य उकड्या भातावर ठरणार होतं. उकडं म्हणजे नकार, सुरय म्हणजे होकार. वाहवा रे देवस्थान!

माझ्या मनात आलं नाही असं नाही, की पान्यानं एक बोल्ट इकडचा तिकडे फिरवला की पट्टा उजवीकडेही पाडता येईल. पण मुद्दाम पडेल असा पट्टा करायचा? तीन वर्षं ज्या बाकावर बसून शिकले त्या बाकानं मला ढकलून दिलं असतं. मी ठरवलं, पट्टा पडायचाच नाही असा करायचा. एकदाच ही कटकट मिटवायची.

आता चाक बदलायला सासऱ्यांची परवानगी हवी. ती कशी मिळवायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. दुसऱ्या दिवशी एका बाईचं सुरय भात हलरात पडलेलं बघून मी हात जोडून पुढे झाले आणि म्हटलं, "बाबा, माझापण एक कौल लावा. चाक बदलू की नको?" पोत्यांवरच्या मंडळींना मजा वाटली. इंजिनेर सून देवाक शरण इली! सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि पट्टा आपल्या नेहमीच्या सवयीनं उजवीकडे जाऊन पडला. सासरे माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "बदल बाय. देवाची इच्छा." देव माझ्याही बाजूचा होता, फक्त त्याला भात बघून विचारावं लागायचं.

मग मी जुनं चाक मोजलं, इंजिनचे फेरे आणि हलरचे फेरे धरून व्यास पुन्हा काढला आणि कागदावर नवीन चाक काढलं. मधोमध फुगवटा, तोसुद्धा किती, तर नखाच्या जाडीएवढा. जास्त फुगवला तर पट्टा मधोमध ताणला जाऊन फाटतो. कागद घेऊन डिचोलीला गेले. तिथे खाणीच्या ट्रकांची कामं करणारा एक लेथवाला होता, कोल्हापूरकडचा गडी, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या आत्मविश्वासाचा. त्यानं कागद उलटसुलट बघितला. "करतो की वैनी! बुधवारी या, चकाचक."

बुधवारी गेले. चाक चकाचक होतं. मधोमध छान गुळगुळीत खड्डा होता.

"हे काय?"

"त्येचं काय झालं वैनी," तो अगदी समजुतीनं म्हणाला, "तुमी घाईत उलटं काडलं हुतं. फुगवट्यावरनं पट्टा घसरून पडंल की ओ! म्हनून म्या सरळ करून टाकलं. त्येचं निराळं पैसं नकोत."

म्हणजे मोपाच्या सड्यापासून पंचगंगेपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं, फक्त पट्टाच वेगळ्या मताचा होता. मी त्याच्या लेथचं काढून ठेवलेलं एक जुनं फुगीर चाक उचलून त्याच्या नाकापुढे धरलं. "हे काय आहे? तुमच्या स्वतःच्या लेथचं चाक. मधे हात फिरवून बघा." त्यानं फिरवला. पुन्हा फिरवला. "आयला!" एवढंच म्हणाला, आणि मग माझ्यासमोर उभं राहून त्यानं दोन्ही कडा उतरवल्या. खड्डा गेला, फुगवटा आला. व्यास थोडा कमी झाला, हलर जरा जोरात फिरणार होता, पण तेवढं चालण्यासारखं होतं. चाक पिशवीत घालून मी बसनं घरी आले, मांडीवर ठेवून, कुणाची तरी पोर सांभाळत आणावी तसं.

नवरा त्या आठवड्यात रजेवर होता. मी त्याला दोरीचं एक टोक धरायला दिलं, कारण धरून ठेवणं हे काम त्याला उत्तम जमतं. दोन्ही चाकं दोरीच्या एका रेषेत आणली, इंजिन सरळ केलं. नणंदेनं आणि मी मिळून बोल्ट आवळले. ती पाना ओढताना घामाघूम झाली होती. मी तिला म्हटलं, "बघ आता, उद्या तुझं काम फत्ते! पणजी, वसतिगृह, पांढरा गणवेश, मजा!" ती म्हणाली, "वयनी, हो बोल्ट अजून फिरता," आणि पुन्हा ओढायला लागली.

गुरुवारी सकाळी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरच्या मुलीचा कौल म्हणजे गावाला नाटकच. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे विकत आला होता, तोसुद्धा टोपली खाली ठेवून थांबला. शेजारच्या बायका आधीच येऊन पोत्यांवर बसल्या. भटजी समाराधनेच्या भातासोबत आले होते. नणंद जनेलापाशी, खिडकीच्या गजांना टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. सासऱ्यांनी अंघोळ करून धूतवस्त्र नेसलं होतं. त्यांनी इंजिनापुढे नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक पणजेक धाडू काय नको, तां तू सांग. उजवो पडलो तर धाडतंय, डावो पडलो तर ठेवतंय. तिचा बरा जायत तां कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

इंजिन सुरू झालं. उकडं भात हलरात पडलं, भार आला, इंजिनानं नेहमीसारखी धाप टाकली. पट्टा डावीकडे सरकला. बायकांनी श्वास धरला. तो सरकला, सरकला आणि जसा कुणी कान पकडून आणावा तसा परत मधे आला. मग उजवीकडे जरासा गेला. पुन्हा मधे. मग तिथेच, मधोमध, सूं सूं करत पळत राहिला.

पहिलं पोतं संपलं. दुसरं ओतलं. पट्टा मधे. कुणीतरी म्हणालं, देव विचार करता. तिसरं पोतं गेलं. पदेर म्हणाला, उंडे थंड जाले, आणि निघाला. भटजी कधी नव्हे ते आपलं भात वेळेवर मिळाल्यानं खूश होऊन गेले. बायका आणखी थोडा वेळ थांबल्या, मग त्यांनाही घरचं आमटीचं आधण आठवलं. समाराधनेचं सगळं भात सडून झालं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका दमात, आणि पट्टा एकदाही पडला नाही. मी मनात म्हटलं, वा गो बाय, काय चाक काढलंस! आणि अभिमानानं सासऱ्यांकडे वळले.

ते स्टुलावर बसले होते. चेहरा पार उतरलेला. एखाद्याच्या हातातली काठी काढून घेतली की तो जसा चाचपडतो, तसे ते पट्ट्याकडे बघत होते.

"देव बोलूक नाय," ते म्हणाले. "रुसलो."

"रुसला नाही बाबा. हा पट्टा आता पडणारच नाही. चाक बदललंय."

"कधीच पडाचो नाय?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं, त्याची तयारीही मी करून ठेवली होती, चार खमंग वाक्यं जुळवून ठेवली होती. ते म्हणाले, "मगे मी आता कोणाक विचारू गो?"

त्या प्रश्नावर माझं एकही वाक्य चालेना. इतके दिवस मी त्यांना हसत होते, आणि हा माणूस खरंच घाबरलेला होता. पण माझा स्वभाव मेला असा, की वाईट वाटलं तरी तोंडातून तिखटच निघतं. मी म्हटलं, "कोणाक म्हणजे काय? ती बघा, जनेलाकडे उभी आसा. जिचा जीव तिका विचारा!"

सासऱ्यांनी मान वळवली. इंजिन रिकामंच चाललं होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी मुलीकडे पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं.

"तुका काय व्हया गो?"

नणंदेनं ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, तिला जायचंच आहे, तिथे शिकेल, स्वतःच्या पायावर..."

"वयनी," ती म्हणाली, "तू जरा गप रव."

आयुष्यात मला इतक्या हळू आवाजात कुणी गप्प केलं नव्हतं.

मग ती वडिलांजवळ गेली. "माका जावचा आसा," ती म्हणाली. "पण वयनी म्हणता म्हणान न्हय. बाबा, आवशीक तुमी न्हेलात तां बरा केलात."

सासरे स्टुलावरून अर्धे उठले आणि परत बसले.

"हयसर ती रात-दीस विवळायची. मी तिच्या उशाकडे बसान रडायचंय, माका काय करूक येय नाय. थयसर त्या नर्शींनी तिका निजयल्यानी. तिचा दुखणा थांबयल्यानी. मरायच्या आदल्या दिसा तिणा माझी वेणी घातल्यान बाबा, हसत हसत. हयसर रवली असती तर विवळतच गेली असती. मी बघलंय. मी होतंय थयसर."

खरंच, तीच होती तिथे. आईबरोबर इस्पितळात तीच राहिली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. घरी येऊन ती गप्प झाली आणि आम्ही सगळ्यांनी तो तिचा स्वभाव समजला.

"माका कधी सांगूक नाय तां?" सासरे म्हणाले.

"तुमी कधी विचारलात? देवाक विचारलात, पट्ट्याक विचारलात."

सासरे उठले. भिंतीला टेकवलेला दांडा त्यांनी घेतला. रोज संध्याकाळी गिरण बंद करताना ते ह्याच दांड्यानं पळता पट्टा चाकावरून ढकलायचे, नेहमी डावीकडे, कारण टांगायची खुंटी डावीकडे होती. मला वाटलं, गिरण बंद करताहेत. पण त्यांनी दांडा पट्ट्याच्या डाव्या कडेला टेकवला आणि दोन्ही हातांनी रेटला. माझं चाक सहजासहजी सोडणारं नव्हतं. पट्टा दोनदा मधे परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी दात ओठ खाऊन रेटला, तेव्हा तो चाकावरून उडाला आणि उजवीकडे कोंड्याच्या ढिगात जाऊन पडला. कोंडा सगळ्यांच्या डोक्यावर उडाला. इंजिन मोकळं होऊन धाडधाड करायला लागलं.

सासऱ्यांनी दांडा खाली ठेवला. डोळे पुसले, कोंडा गेला असावा तसे.

"उजव्यान पडलो," ते म्हणाले.

रांगेत आता कुणीच नव्हतं. त्या आवाजात नणंद एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."